पांढऱ्या रानातली हाक

लेकीच्या बाळंतपणाला मी स्वीडनला गेले तेव्हा मनात एकच शंका होती, इतक्या लांबून सिद्धेश्वराला माझी हाक ऐकू जाईल का. तशी मी सोलापुरातही कधी मोठ्यानं बोलले नाही. त्याच्या यात्रेत सगळे ‘हर्र बोला हर्र’ म्हणतात तेव्हा माझे नुसते ओठ हलतात. तिथे तर भाषाही आपली नाही. बाळ झोपलं की मी खिडकीशी बसून राहायची. ते बघून लेकीनं मला एका रविवारी तिथल्या क्लबात नेलं. नकाशा आणि होकायंत्र घेऊन जंगलात ठेवलेली निशाणं ओळीनं शोधायची, असा तो खेळ. मी म्हटलं, “चौथी शिकलेली बाई मी, मला नकाशा कळतोय व्हय?” ती म्हणाली, “त्यात अक्षरं न्हाईतच की आई, नुसते रंग हायत. पाचच निशाणं, जा.”

पहिलं केशरी-पांढरं निशाण झुडपामागे दिसलं आणि मला हसूच फुटलं. संक्रांतीच्या वेळी सोलापूरभोवतीच्या अडुसष्ट लिंगांचं दर्शन आम्ही एकामागून एक घेतो, तशीच वाटली ही वाट. पुढे नकाशा सगळा पांढरा होता. पांढरं म्हणजे मोकळा माळ, असं समजून मी माळ शोधत निघाले. जितकं चालावं तितकी झाडी दाट. दोन माणसं शेजारून पळत गेली, पण माझं तोंड उघडलं नाही. मग वाटच राहिली नाही. तेव्हा, कशी कोण जाणे, मी जन्मात पहिल्यांदा ओरडले, “हर्र बोला हर्र!”

झाडांतून उत्तर आलं, “हर्र!” आणि पाठोपाठ कानडीत, “यारव्वा अदु?” कोण गं ते?

पायात पळायचे बूट, कपाळावर विभूती, साठीची बाई पुढे आली. शांतक्का, आपल्या सोलापूरपलीकडच्या, कर्नाटकातल्या इंडीकडची. माझा नकाशा बघून ती पोट धरून हसली. “पांढरं म्हंजी माळ वाटला व्हय तुला? हितं पांढरं म्हंजी झाडी. मोकळं रान पिवळं असतंय, ज्वारी काढल्यावानी.”

नवरा गेल्यावर मुलानं तिला तिकडे नेलं होतं. दोन वर्षं ती घराबाहेर कुणाशी बोलली नव्हती. क्लबातल्या बायांनी हाताला धरून होकायंत्र शिकवलं, आपल्या डब्यातलं खाऊ घातलं, आणि ती त्यांचीच झाली. म्हणायची, “हितं बोलाय लागत न्हाई गं, हुडकाय लागतंय.” पाच महिने दर रविवारी आम्ही दोघी रानात. चुकलीस तर पळू नको, हे तिनंच शिकवलं. उभी राहा, नकाशा उत्तरेला लाव, मग रान आपणहून जुळतंय. घरातल्या अडचणीतही मी आता तशीच उभी राहते, सिद्धेश्वराचं नाव घेते, आणि बाकीचं त्याच्यावर सोडते.

मी सोलापूरला परतले; पुढे शांतक्का तिकडेच वारली. तिच्या मुलानं तिचं होकायंत्र माझ्यासाठी लेकीजवळ दिलं. यंदा संक्रांतीला ते पदरात बांधून मी अनवाणी अडुसष्ट लिंगं केली, प्रत्येक ठिकाणी तिच्या नावानं एकदा जास्त वाकले. त्या दिवशी रानात ती त्याच वेळी तिथे कशी, हे मी कधी कुणाला विचारलं नाही. हाक पोचली, एवढं मला पुरे आहे.

गल्लीतल्या शेवटच्या लिंगापाशी लोक जरा गप्प झाले होते. सून शेजारी होती. मी डोळे मिटले आणि रानात ओरडले होते तशी ओरडले. सून दचकून म्हणाली, “अगंबाई, आत्याबाई, तुमी?”

तेवढ्यात सगळ्या गल्लीनं उत्तर दिलं, “हर्र!”