सर्व्हरची खंडेनवमी

मोहिद्दीन शिकलगार आता कुणाच्या ऑफिसात सर्व्हर बसवायला गेला, की सगळ्यात आधी मजकुराची प्रत टेपवर उतरवायची सोय बघतो. ती नसेल तर गडी चहालासुद्धा टेकत नाही. कराडपासून मिरजेपर्यंत लोक त्याला तऱ्हेवाईक म्हणतात. म्हणोत बापडे, त्यांना काय ठाऊक!

मूळचा तो टीव्ही दुरुस्त करणारा. बाप धार लावायचा. दसरा जवळ आला की त्यांच्या दारात विळे, कोयते, कुणाच्या घरातल्या गंजक्या तलवारी यांची रीघ लागे. खंडेनवमी त्याला परकी नव्हतीच. म्हणून तर पुढं जे घडलं त्याचा राग येतो, आणि मोहिद्दीनची कीवही.

सांगलीत लालासाहेबांचा छापखाना होता. कॉम्प्युटर चारपाच, प्रत्येकाचं काम ज्याच्या त्याच्या डिस्कवर, आणि एकाच्या फ्लॉपीसाठी दुसरा कायम खोळंबलेला. मोहिद्दीननं सर्व्हर मांडला. सगळी मशीनं केबलनं त्याला जोडली आणि त्यांच्या डिस्का काढून सर्व्हरमध्ये बसवल्या. त्या सगळ्या मिळून एकच मोठी जागा केली. आता कुठल्याही मशीनवर बसा, आपलं काम समोर हजर. लालासाहेब आल्यागेल्याला हात धरून दाखवायचे. मोहिद्दीनची मान ताठ झाली होती, आणि का होऊ नये?

कुरकुर केली ती एकट्या अंजनानं. ती टाइपिंग करायची. तिची आई हरणाबाई माण तालुक्यातली. छप्पन साली गावातल्या बौद्ध झालेल्या घरांपैकी त्यांचं एक. त्या दिवसांवर हरणाबाईनं स्वतः गाणी रचली होती, पण लिहिता येत नव्हतं. म्हातारपणी लेकीकडं आली, तेव्हा दुपारच्या सुट्टीत छापखान्यात बसून ती गुणगुणायची आणि अंजना टाइप करायची. कागदावर कधी उतरवलंच नाही. पुस्तक करू तेव्हा छापू, असं ठरलं होतं. श्रावणात हरणाबाई गेली.

"मोहिद्दीनभाई, माझ्या डिस्कमधी आईची गाणी हायती. ऱ्हाऊ द्या की तेवढी."

"माझ्यावर सोडा, ताई. सर्व्हरवर सुरक्षित राहतील. आता फ्लॉप्यांवरच्या नकला तरी कशाला सांभाळताय?"

अंजनानं विश्वासानं सगळं हवाली केलं. फ्लॉप्या पुसून दुसऱ्या कामाला लागल्या. टेपचं मशीन मात्र लालासाहेब आज घेऊ, उद्या घेऊ करत राहिले. ते आलं खंडेनवमीच्या आदल्या संध्याकाळी.

सकाळी मोहिद्दीन टेप घेऊन पोचला, तर पूजा मांडलेली. छपाईयंत्राला हार, कटरला हार, सर्व्हरवरही हळदीकुंकवाची बोटं. लालासाहेब निरांजन घेऊन उभे.

"ये, ये, मोहिद्दीन. बंद कर त्याला. रातंदिस राबतंय, दोन दिस इसावा घिऊ दे. आता उद्या दसरा झाल्यावरच हात लावायचा."

टेपवर उतरवायला तासभर लागला असता. शब्द अगदी ओठांवर आले. पण मुंबईतल्या दंगलींना वर्षही झालं नव्हतं. सांगलीत त्याला कुणी वाकडा शब्द बोललं नव्हतं, तरी आरती अडवणारा मुसलमान आपण ठरू नये, असं त्याला वाटलं. त्यानं सर्व्हर बंद केला, नारळाचा प्रसाद घेतला आणि घरी गेला.

दसऱ्यानंतर बटण दाबलं, तर एक जुनी डिस्क फिरेचना. अखंड चालू असलेली डिस्क गार झाली की कधी कधी अडकते. एक जागा केलेली, त्यामुळं एक गेली तसं सगळंच गेलं. पुण्याला पाठवली, मुंबईला पाठवली, तिकडून जशीच्या तशी परत आली. लालासाहेबांनी लग्नपत्रिका, पावत्या पुन्हा टाइप करून घेतल्या, फार बोललेही नाहीत. हरणाबाईला कुठून आणणार?

मोहिद्दीन अंजनाच्या घरी गेला. तिनं शिव्याशाप द्यावेत, असं त्याला मनापासून वाटत होतं. तिनं पाणी दिलं.

"ताई, चूक माझी. मी सांगायला पाहिजे होतं. पण त्या आरतीत मी परका, कसा बोलणार?"

अंजनानं तांब्या खाली ठेवला. मग म्हणाली, "टेप घ्याची ऱ्हायलीय, ह्ये मलाबी दिसत हुतं. आमीबी पूजा सोडलेली मान्सं. मी बोलले तर हिचंच काय तरी येगळं, असं म्हंतील, म्हून तुमच्या तोंडाकडं बघत हुते. तुमी बोलला असता, तर मीबी बोलले असते."

आरतीच्या वेळी ती छापखान्याच्या दारापाशीच उभी होती, अगदी त्याच्या शेजारी. त्याला ते आत्ता आठवलं.