जिथे रत्नाबाई, तिथे मुली

रत्नाबाई आयुष्यात सगळ्यात उंच चढल्या होत्या त्या घरच्या माळ्यावर, गौरीचे मुखवटे काढायला. तेव्हाही दोन माणसं लागली होती. एकाने शिडी धरायची आणि दुसऱ्याने त्या धरणाऱ्याला धीर द्यायचा.

चामराजपेठेतल्या एका छोट्या मराठी शाळेत त्या शिवण शिकवत. तीन पिढ्यांपूर्वी त्यांचं शिंप्याचं घराणं बंगळूरला आलं आणि इथलंच झालं. नवरा वारला तेव्हा त्याचं शिवणाचं मशीन आणि तपकिरीची चांदीची डबी अशा दोन वस्तू मागे राहिल्या. मशीनवर त्यांनी संसार चालवला आणि डबीवर स्वतःला. वय चोपन्न, अंगाने भरलेल्या, गुडघे कुरकुरणारे, जीभ मात्र कात्रीसारखी. पत्त्यांत लबाडी करायच्या, आणि पकडलं की "स्वल्प केली" म्हणून कबूलही करायच्या. मुलींना त्या फार आवडत. मुलींच्या आयांना त्यांची भीती वाटे, कारण कुणाच्या पोलक्याची शिवण दरवर्षी किती उसवावी लागते हे त्यांना पाठ होतं.

१९६१ च्या एप्रिलात शाळेच्या ड्रिलमास्तरांनी एक टूम काढली. उपेंद्र मास्तर पुण्याहून येऊन दोनच वर्षं झाली होती. सहावी ते आठवीच्या मुलांना मे महिन्यात आठवडाभर रानात न्यायचं, असं त्यांनी ठरवलं. एका खेड्यातल्या शाळेत मुक्काम, तळ्यात होडी, दोराच्या गाठी, रानातून वाट शोधणं, आणि सहाव्या दिवशी होसकोट्याच्या पलीकडचा कोतीबेट्ट चढायचा. बेट्ट म्हणजे डोंगर, कोती म्हणजे माकड. वर कुणी चढावं याबद्दल गावकऱ्यांचं मत नावातच आलं होतं. मास्तरांनी या सगळ्याला 'साहस-सप्ताह' म्हटलं आणि फळ्यावर रंगीत खडूने लिहिलं.

अकरा मुलांनी नावं दिली. मग सातवीतल्या नयनाने दिलं, आणि तिच्या मागोमाग तिच्या तीन मैत्रिणींनी. मुलींची नावं बघून शाळेची कमिटी दोन संध्याकाळ बसली. नाही म्हणावं तर नयनाचे वडील विमानाच्या कारखान्यात इंजिनियर, नव्या विचारांचे. हो म्हणावं तर बाकीच्या साऱ्या पेठेला तोंड द्यायचं. शेवटी चिटणीस दामोदरपंतांनी तोडगा काढला.

तो रत्नाबाईंना कळला कल्लाप्पाकडून. कल्लाप्पा शाळेचा शिपाई, बेळगावकडचा, दोन्ही भाषा सारख्याच मोडणारा. कमिटीला चहा तोच देई, म्हणून कमिटीचे ठराव कमिटीआधी त्याला ठाऊक असत.

"अक्का, सांगू काय? पर रागवायचं न्हाई."

"नाही सांगितलंस तर रागावीन."

"पंत म्हनाले, पोरींना जाऊ दे की. पर अट घाला. जिथं रत्नाबाई, तिथं मुली. बाई थांबल्या की पोरीबी थांबल्या. मग कुनीतरी इचारलं, बाई बेट्ट चढतील काय?" कल्लाप्पा हातातल्या कपबश्यांकडे बघत राहिला.

"पुढे?"

"म्हनाले, डोंगरावर डोंगर कसा चढनार. लई हसली समदी."

रत्नाबाईंनी डबी उघडली, चिमूट ओढली, सावकाश शिंकल्या, आणि नाक पुसून विचारलं, "पंतांच्या चहात साखर किती घालतोस?"

"दोन चमचे."

"उद्यापासून एक."

होकारही दिला आणि मुलींना वाटेत अडकवूनही ठेवलं. पंतांची शिवण मजबूत होती, हे रत्नाबाईंनी मनात मान्य केलं. मुली पायथ्याशी बसून कांदे चिरणार, आणि दोष जाणार रत्नाबाईंच्या गुडघ्यांना.

दुसऱ्या दिवशी नयना वर्ग सुटल्यावर मागे रेंगाळली. "बाई, माझं नाव काढून टाकू का? आई म्हणते, तुम्हाला उगाच त्रास."

"त्रास माझ्या गुडघ्यांना. तुझ्या आईचे का दुखतात? राहू दे नाव."

मेच्या दुसऱ्या आठवड्यात पंधरा मुलं, मास्तर, कल्लाप्पा आणि रत्नाबाई के. आर. पुरमपर्यंत रेल्वेने आणि पुढे होसकोट्यावरून बसने निघाले. मास्तरांच्या पायात लष्कराच्या जुन्या मालातून घेतलेले बूट होते, तळाला खिळे ठोकलेले. ते चालू लागले की घोडा नाल बदलून आल्यासारखं वाटे. मास्तर मनाने फार सरळ माणूस, पण दर दुसऱ्या वाक्यात त्यांना सह्याद्री लागे.

"आमच्या सह्याद्रीत याला टेकडी म्हणतात," बेट्ट लांबून दिसताच ते म्हणाले.

"मग सह्याद्री का सोडलात, मास्तर?"

"नोकरी नव्हती, बाई."

"बघा. शेवटी पोटाला टेकड्याच घालतात."

पाच दिवस ती अट सगळ्यांच्या मानेवर बसून होती. मुली होडीत बसणार म्हणून रत्नाबाई होडीत बसल्या. ती वेताची गोल टोपलीसारखी होडी. बाई बसल्यावर चार मुलींना जागा उरली ती बाईंच्या मांडीवरच. होडीने जागच्या जागी सात गिरक्या घेतल्या आणि पलीकडे न जाता होती तिथेच परत लागली. "देशाटन झालं," म्हणत बाई उतरल्या. दोराच्या गाठींच्या दिवशी मास्तरांनी तीन गाठी शिकवल्या आणि बाईंनी पाच. तिसरी मास्तरांना अजून सुटत नाही. रानातल्या वाटेवर मुली पुढे धावत, मागे वळून बघत, थांबत. प्राणेश नावाचा आठवीतला मुलगा, ज्याच्या तोंडाला सुट्टी नव्हती, तो ओरडे, "मुलींची मालगाडी आली का रे?" रत्नाबाई ऐकत, आणि जेवताना त्याला सगळ्यात करपलेली भाकरी वाढत.

रात्री मात्र त्या गुडघ्यांना एरंडेल चोळत बसत. पाचव्या संध्याकाळी मास्तर जवळ येऊन बसले.

"बाई, उद्याचं तुम्ही मनाला लावून घेऊ नका. अर्ध्यानंतर नुसती उघडी शिळा आहे. तुम्ही आणि मुली खाली थांबा, पिठलं-भाकरी करून ठेवा. तेही कामच आहे. कुणी काही म्हणणार नाही."

रत्नाबाईंना ते ऐकून हलकं वाटलं, आणि हलकं वाटल्याचा राग आला. पलीकडे नयना पाणी गाळत होती. तिने मान वर केली नाही, पण गाळायची थांबली होती.

"उद्याचं उद्या," बाई म्हणाल्या.

सकाळी पायथ्याशी एक चिंच होती, तिच्याखाली गावातल्या लोकांच्या वहाणांचा ढीग. कल्लाप्पाने आपल्या चपला त्यात टाकल्या. "मास्तर, इथंच काढत्यात. वर आंजनेयाचं, म्हंजी मारुतीचं, देऊळ हाय. समदा बेट्ट देवाचा."

"देऊळ वर आहे ना? मग वर काढू," मास्तर म्हणाले, आणि खिळे वाजवत निघाले. अकरा मुलगे त्यांच्यामागे, शाळेचे चामडी बूट घालून. रत्नाबाईंनी निमूट चपला काढल्या. देवाबद्दल त्यांचं फार काही म्हणणं नव्हतं, पण जिथे जावं तिथल्या बायका करतात तसं करावं, हा त्यांचा जन्माचा नियम. मुलींनीही काढल्या. बाईंनी नऊवारीचा काष्टा घट्ट ओढला, पदर कमरेला खोचला, आणि डबी कनवटीला.

झाडी होती तोवर फांद्या धरून निभावलं. झाडी संपली तिथे एका झुडपाच्या सावलीत त्या बसल्या. डावा गुडघा भोपळ्यासारखा झाला होता. समोर शिळा, थिजलेल्या तुपासारखी गुळगुळीत, आभाळापर्यंत गेलेली.

"मुलींनो, माझं झालं," त्या म्हणाल्या. "इथवर पुष्कळ आलो."

तिघींची तोंडं उतरली. एक तर मुसमुसू लागली. नयना मात्र बाईंच्या शेजारी बसली आणि त्यांच्या लुगड्याच्या काठाला लागलेली कुसळं एकेक काढू लागली.

"चालेल, बाई."

रत्नाबाईंनी तिच्याकडे बघितलं. रडली असती तर त्यांनी समजूत काढली असती, भांडली असती तर दटावलं असतं. पण बारा वर्षांच्या पोरीला 'चालेल' म्हणायची इतकी सवय असू नये. हा शब्द त्यांनी स्वतः चाळीस वर्षं वापरला होता. त्याचं कापड कसं विरतं, त्यांना माहीत होतं.

"काय चालेल?" त्या खेकसल्या. "काही चालत नाही. उठा. उभ्याने जमत नसेल तर मी ओणव्याने जाईन. लंगडी गाय बघितली नाहीत का कधी? पुढे कुणी हसली तर खबरदार. मागे हसा, मला दिसणार नाही."

आणि त्या तळहात टेकून, अनवाणी तळवे शिळेला चिकटवत, चार पायांवर निघाल्या. एक गोष्ट त्यांना लगेच कळली. शिळेवर एक पांढुरका पट्टा होता, शेकडो वर्षं अनवाणी पायांनी घासून झालेला, आणि त्यावर पाय घोरपडीसारखा धरत होता. गुडघा वाकवायला लागतच नव्हता. बाई बिचकत बिचकत, पण चढत होत्या.

तेवढ्यात वरून खिळे किंचाळल्याचा आवाज आला.

मास्तर वीस हात वर होते. उघड्या दगडावर खिळे चाकासारखे घसरत होते. एक बूट कसाबसा एका खाचेत अडकला होता, दुसरा हवेत, आणि दोन्ही हातांनी त्यांनी शिळेला आलिंगन दिलं होतं. त्यांच्या खाली मुलगे बुडावर बसले होते. चामडी तळव्यांनी त्यांनाही वर जाता येईना. प्राणेश जन्मात पहिल्यांदा गप्प होता. कल्लाप्पा सगळ्यांच्या वर, डोक्यावर पाण्याची कळशी घेऊन, खाली बघत उभा.

"सगळे खाली फिरा!" मास्तर दगडालाच सांगत होते. "ही शिळा चढण्यासारखी नाही! मोहीम रद्द!"

नयनाने बाईंकडे बघितलं. या वेळी ती 'चालेल' म्हणाली नाही.

"रद्द कशाला?" रत्नाबाई सरपटत मास्तरांच्या पायाशी पोचल्या. "कल्लाप्पा, कळशी ठेव आणि यांचं मनगट धर. मास्तर, बूट काढा."

"बाई, हललो तर जाईन."

"तुम्ही नका हलू. पाय द्या इकडे."

"बाई, माझ्या पायाला हात... तुम्ही वडीलधाऱ्या..."

"मी शिंपीण आहे. माणसांची मापं घेण्यात जन्म गेला. द्या."

नाडीला दुहेरी गाठ होती, आणि वर आणखी एक. "ही तुमच्या सह्याद्रीतली वाटतं," म्हणत त्यांनी ती दोन बोटांनी सोडवली. बूट निघाला आणि टण टण करत, मुलांना चुकवत, खालच्या झाडीत गेला. दुसराही गेला. मग सगळ्या साहस-सप्ताहाने बघितलं: मास्तरांच्या मोज्यातून अंगठा बाहेर आला होता.

"अय्यो! मास्तर, पुण्याला सुई मिळत नाही काय?"

शिळेवर हशा पिकला. मास्तरही हसले, आणि हसताना घाबरायचं राहून गेलं. मोजे खिशात गेले, अनवाणी पाय पट्ट्यावर टेकला, तो धरला. मुलांनी बूट काढून नाड्या एकमेकींना बांधल्या आणि गळ्यात अडकवले. मालगाडी आता पुढे होती.

सगळ्यात आधी वर पोचली नयना. देवळाच्या ओट्यावर उभी राहून ती गरागरा फिरून चारी बाजू बघत राहिली. लांबवर तळं चमकत होतं, होडी ठिपक्याएवढी. रत्नाबाई सगळ्यात शेवटी पोचल्या. त्यांनी आंजनेयाला हात जोडले आणि चिमूट ओढली. त्यांची शिंक एवढी घुमली की पलीकडच्या कड्यावरची खरी माकडं पळाली.

"बाई, उतरायचं कसं?" प्राणेशने विचारलं, फार अदबीने.

"बसून," बाई म्हणाल्या. "देवाने बूड उगाच दिलेलं नाही."

त्या बसून उतरल्या, चार मुली त्यांच्यामागे ओळीने, आणि शेवटी मास्तर. चिंचेखाली पोचेपर्यंत लुगड्याला मागे वीतभर भोक पडलं होतं. कल्लाप्पाने सभ्यपणे आभाळाकडे बघत आपला टॉवेल पुढे केला. त्या दिवशी पिठलं मुलांनी केलं. गुठळ्या होत्या. मुली "चालेल" म्हणाल्या नाहीत. पुन्हा करायला लावलं.

जूनमध्ये कमिटीपुढे मास्तरांनी अहवाल वाचला. सरळ माणूस, त्यांनी बूटही वगळले नाहीत आणि अंगठाही. दामोदरपंत खाकरले आणि म्हणाले, पुढच्या वर्षी अट ठेवावी की काढावी, याचा विचार व्हावा. कपबश्या घेऊन उभ्या असलेल्या कल्लाप्पाकडे रत्नाबाईंचा निरोप होता, तो त्याने तिथेच देऊन टाकला.

"अक्का म्हनाल्या, अट ऱ्हाऊ दे. पर तीत मास्तरांचं नाव घाला. जिथं रत्नाबाई, तिथं मास्तर."

अट ठरावात आली की नाही, ते कल्लाप्पालाही आठवत नाही. पुढच्या उन्हाळ्यात नऊ मुलींनी नावं दिली, आणि रत्नाबाई आणखी सहा वर्षं जात राहिल्या, दरवेळी गुडघ्यांना शिव्या देत. पंतांच्या चहात साखर एकच चमचा राहिली.

ते लुगडं त्यांनी टाकलं नाही. शिवणाच्या वर्गात ठिगळ लावायला शिकवायची वेळ आली की ते बाहेर येई. बाई ठिगळाचे टाके दाखवत, कोपरे कसे दुमडायचे ते सांगत. दरवर्षी एखादी नवी मुलगी विचारी, "बाई, एवढं मोठं भोक कशाने पडलं?"

"चढून," रत्नाबाई म्हणत. "सुई ओवा."