फुटक्या तावदानातली बाई

रिकामी कात्री वाजवायची नाही, असा आमच्या आईचा दंडक होता. कात्री वाजली की घरात भांडणं होतात म्हणे. भांडणं कात्रीवाचूनही भरपूर होत, पण तिच्यापुढे कोण बोलणार. ती कात्री शिवणाच्या मशीनच्या खणात कुलपात असे आणि किल्ली आईच्या कमरेला. म्हणून मी कागद हातानं फाडायला शिकले. पुढे शाळेत चित्रकला शिकवायला लागले तेव्हा मुली विचारायच्या, बाई, तुमच्या चित्रांच्या कडा अशा पांढऱ्या, केसाळ कशा? मी काहीतरी भारी उत्तर देईन असं त्यांना वाटे. खरं कारण ते कुलूप.

हे छप्पन-सत्तावन सालचं. मी मॅट्रिक होऊन घरी बसले होते, आणि वडील यवतमाळच्या कचेरीत कारकून होते. त्या सुमारास आपला भाग मध्य प्रदेशातून निघून मुंबई राज्यात गेला. राज्य बदललं तसे जुन्या राज्याचं नाव छापलेले कागद रद्दीत निघाले. मागची बाजू कोरी दिसली की वडिलांना कागद टाकवत नसे. ते पिशव्या भरभरून आणत. खाकी लिफाफे, जाड पुठ्ठे, फायलींची बदामी पानं.

"बाप्पा! कचेरीच घरी आणून राह्यले का तुमी?" आई म्हणे.

"असू दे, लागतात," वडील म्हणत.

कशाला लागतात ते त्यांनाही माहीत नव्हतं. ते लागले मला.

एका दुपारी मी एक लिफाफा उगीच फाडला. मग दुसरा. कागद फाडताना गंमत होते. सरळ न्यावा म्हटलं तरी तो मध्येच आपल्या मनानं वळतो. वळला की तिथे कुणाची तरी मान दिसते, नाहीतर खांदा, नाहीतर पाण्याला निघालेल्या बाईची कंबर. मी ते तुकडे पुठ्ठ्यावर नुसते सरकवत बसायचे. काय करायचं ते ठरवलेलं नसे. ठरवून केलं की हमखास बिघडे. एखादा तुकडा एखाद्या जागी गेला की तिथून हलायला तयार नसे, मग तो चिकटवून टाकायचा. कणकेची खळ शिजवायची आणि झुरळांनी खाऊ नये म्हणून त्यात चिमूटभर मोरचूद घालायचं. याला कोलाज म्हणतात हे मला फार वर्षांनी कळलं. आमच्या घरी त्याला 'चिकटवाचिकटवी' म्हणत, आणि तेही कौतुकानं नव्हे. "पोटात जायचं पीठ पुठ्ठ्याले फासून राह्यली," हे आईचं रोजचं वाक्य.

हळूहळू मी रंगही जमवू लागले. कापडाच्या ताग्यावरची चित्रं, काडीपेटीचे छाप, जुन्या लग्नपत्रिकांच्या सोनेरी कडा. मासिकांतल्या गुलाबी-गोऱ्या बायकाही जमवल्या.

त्याच वर्षी मला पाहायला येणं सुरू झालं होतं. माझा रंग सावळा. सावळा हा आईचा शब्द. पाहायला येणारे 'रंग जरा दबलेला आहे' असं म्हणत, म्हणजे तो कुणीतरी वर बसून दाबला असावा. आई स्वतः माझ्याच रंगाची होती. पण पाहुणे यायचे म्हटलं की आधी आठवडाभर ती मसुरीचं पीठ दुधात कालवून माझ्या तोंडाला चोळायची. चोळता चोळता पुटपुटायची. कळंबच्या चिंतामणीला तिनं काय काय बोलून ठेवलं होतं ते तिलाच ठाऊक. ते पीठ वाळलं की हसताही येत नसे. दोन ठिकाणांहून नकार आले होते, दोन्ही वेळा कारण एकच सांगितलं गेलं, पत्रिका जुळत नाही. पहिल्यांनी तर पत्रिका नेलीच नव्हती.

दुसऱ्या नकारानंतर एक दिवस आई माझे पुठ्ठे झटकत होती. झटकता झटकता थांबली.

"ह्या बायायले तोंडं काहून नाहीत वो?"

"राहून गेली असतील," मी म्हटलं.

ती गेल्यावर मी सगळी चित्रं जमिनीवर मांडली. एकाही बाईला तोंड नव्हतं. कुणी पाठमोरी, कुणी खाली वाकलेली, आणि त्या गुलाबी-गोऱ्या बायका मी बरोबर मानेवर फाडलेल्या. मला याचा पत्ताच नव्हता. माझ्याच हातांनी माझ्यामागे हे चालवलं होतं. मला भीती वाटली, आणि मग फार वाईट वाटलं. ज्या तोंडावरून मला नको म्हणत होते ते मी आधीच फाडून बाजूला ठेवत होते.

मी पुन्हा कागद घेऊन बसले तेव्हा तोंड करायचं असं काही ठरवलं नव्हतं. रंगीत कागदांकडे हातच जाईना, एवढं खरं. हात जात होता तो खाकी लिफाफ्यांकडे. मग बदामी पान, गुळाच्या ढेपेखालचा डागाळलेला कागद, चहाच्या पुड्याचं अस्तर. तपकिरी रंगात इतके प्रकार असतात हे मला तोवर माहीत नव्हतं. त्यातला एक लालसर, एक हिरवट, एक अगदी ओल्या मातीचा. वडिलांनी बाजारातून भजी आणली होती त्या पुडीचं तेल कागदात मुरलं होतं. तो तुकडा गालाच्या जागी ठेवला आणि गाल चमकला. तोवर ती गालाची जागा आहे हेही मला उमगलं नव्हतं. मग कपाळ आलं, नाक आलं, हनुवटी आली. हनुवटी थोडी हट्टी झाली, ती तशीच राहू दिली.

डोळ्यांना कुठलाच कागद चालेना. आठवडी बाजारात तांड्यावरच्या बाया डिंक विकायला येत. त्यांच्या ओढण्यांवर टिकलीएवढे आरसे शिवलेले असत. त्यांतल्या एका बाईला मी दोन आरसे मागितले. तिनं कनवटीची पुडी सोडली आणि त्यातले दोन मोठे निवडून दिले, वर विचारलं, "ओढणीले लावतं का?" मी म्हटलं, "तोंडाले." ती खूप हसली. तिच्याच डिंकानं मी ते डोळ्यांच्या जागी बसवले.

बसवून झाल्यावर वाकून पाहिलं तर दोन्ही डोळ्यांत मीच. मी हसले आणि मग रडले. का रडले ते कळलं नाही असं मी म्हणणार नाही. चांगलं कळलं. कितीतरी दिवस मी त्या तपकिरी तुकड्यांवरून बोटं फिरवत होते, कुठला कुठे शोभेल ते पाहत होते, आणि मला तो रंग आवडला होता. माझ्या तोंडाला आजवर पीठ चोळलं गेलं होतं, पण असं प्रेमानं कुणी पाहिलं नव्हतं, मी तर नव्हतंच.

चित्र मी कपाटामागे ठेवून दिलं. दाखवणार कुणाला?

हिवाळ्यात तिसरे पाहुणे यायचे ठरले. मुलगा, त्याची आई आणि वडील, थेट ढाणकीहून. एवढा लांबचा प्रवास करून येणारे लोक एका फेरीत दोन-तीन मुली पाहून जात. आईनं पिठाची वाटी काढली. पाहुणे यायच्या सकाळी शेजारच्या काकूंकडून मण्यांचा राघू मागून आणला. पाहायला येणाऱ्यांना मुलीच्या हातचं काम दिसावं म्हणून भिंतीवर काही ना काही टांगायची तेव्हा पद्धत होती. आमच्या आळीत तो राघू ज्या घरी मुलगी दाखवायची त्या घरी जाई. त्या राघूनं तीन लग्नं जमवली होती, असं काकू अभिमानानं सांगत.

नेमकं आदल्या दिवशी वानरानं बैठकीच्या खिडकीचं तावदान फोडलं. काच बसवणारा काही येईना. पाहुणे यायच्या दिवशी मी न्हाणीत तोंडावरचं पीठ धूत होते, तेव्हा आईनं कपाटामागून हाताला लागला तो पुठ्ठा त्या जागी ठोकून टाकला. बाहेर येऊन बघते तर खिडकीत कोरी खाकी पाठ आणि तिच्यावर जुन्या राज्याचा शिक्का. पुठ्ठा मी लगेच ओळखला.

"आई, उलटा लावला तू!"

"आतून कसा साफसुथरा दिसते. बाहेरून कोन पाह्यते!"

पाहुणे बाहेरूनच येतात, हे तिच्या ध्यानात आलं नव्हतं. मी तसं म्हणेपर्यंत अंगणात चपला वाजल्या.

मी पोह्यांच्या बशा घेऊन गेले आणि खाली मान घालून बसले. मुलाच्या वडिलांनी विचारलं, शिक्षण किती. स्वयंपाक येतो का. गाणं? मुलगा पोहे खात होता. मुलाची आई भिंतीकडे पाहत होती.

"हा राघू आमी काल पाह्यला," ती म्हणाली.

आईनं पदर सावरला. "असे राघू लय घरी असतात."

"ह्याची चोच तुटेल हाये. कालच्याची बी तुटेल होती."

वडिलांना ठसका लागला. काकूंनी राघू आदल्याच दिवशी वरच्या आळीतल्या एका मुलीच्या घरी दिला होता आणि आम्हाला सांगायचं विसरल्या होत्या. आईचं तोंड इतकं उतरलं की मला तिची कीव आली. एवढी धडपड केली होती तिनं, आणि राघूनं ऐन वेळी दगा दिला. एरवी मी तिला सावरून घेतलं असतं. राघूशेजारचा क्रोशाचा रुमाल माझा, असं म्हटलं असतं. तोही काकूंचाच होता.

मुलाची आई माझ्याकडे वळली. आवाज कडू नव्हता. "मंग तू काय केलं वो, पोरी?"

मी खिडकीकडे बोट केलं.

"हा त पुठ्ठा हाये," मुलाचे वडील म्हणाले.

"बाहेरच्या अंगाला," मी म्हटलं.

"अवो माय!" बाईंनी हनुवटीला हात लावला. "ते बाई तू केली? चप्पल काढता काढता तिच्या डोयात मीच दिसली मले. म्या पदर सरका केला तिथं! कोन हाये ते?"

विचारल्यापेक्षा एक शब्द जास्त बोलायचा नाही, असं आईनं बजावलेलं होतं. मी एकच शब्द बोलले.

"मी."

आणि त्या दिवशी पहिल्यांदा मान वर केली. त्या बाईंनी माझ्याकडे पाहिलं, नीट पाहिलं. "तशीच हाये," त्या म्हणाल्या. मुलानंही खाणं थांबवून पाहिलं. मग सगळे उठले. 'कळवतो' म्हणाले. वडील त्यांना मोटार स्टँडवर पोहोचवायला गेले.

पाहुणे वळणाआड गेले न गेले तोच आई अंगणात गेली, ती तरातरा खिडकीपाशी. आता ही पुठ्ठा ओढून काढते, म्हणून मी मागोमाग धावले. पण ती नुसती उभी होती. उतरतं ऊन त्या तोंडावर पडलं होतं आणि तेलाचा गाल चकाकत होता.

"गाल कायचा केला?" तिनं विचारलं.

"भज्याच्या पुडीचा."

ती हसली, आणि हसता हसता पायरीवर बसून तिनं तोंडाला पदर लावला. मला वाटलं राघूसाठी रडतेय.

"मले बी तीन जागी नाही म्हणलं होतं वो," ती म्हणाली. "कोनाले सांगतलं नाही आजलोक."

मी तिच्याशेजारी बसले. राघू आम्ही त्याच संध्याकाळी परत केला.

ढाणकीचा निरोप आला. पत्रिका जुळत नाही. ह्यांनी निदान नेली तरी होती. मला वाईट वाटलं, नाही असं नाही, पण मागल्या दोन खेपांसारखं अंथरुणात तोंड खुपसून पडले नाही. पुढे माझं लग्न झालं, ते वेगळंच प्रकरण आहे. आईनं तावदानाला काच बसवून घेतली आणि चित्र आत आणून राघूच्या खिळ्यावर टांगलं. येणाऱ्याजाणाऱ्याला ती सांगे, "आमच्या पोरीनं केली," आणि न विचारता पुढे म्हणे, "भज्याच्या पुडीची हाये."

थोड्या महिन्यांनी पुन्हा कुणीतरी पाहायला यायचं ठरलं. दुपारी आईनं मसुरीचं पीठ वाटीत काढलं. मी सवयीनं केस मागे बांधून पुढ्यात जाऊन बसले. तिनं बोटं दुधात बुडवली, माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग भिंतीकडे पाहिलं. आणि वाटी माझ्याकडे सरकवली.

"हे पीठ खयीले चालते का वो?"

"कधी करून पाहिलं नाही," मी म्हटलं.

"मंग कर की."

मसुरीच्या पिठाची खळ वाईट होते. गुठळ्या होतात, वासही येतो. पण त्या दिवशी मी तीच शिजवली आणि उरलेले खाकी लिफाफे घेऊन बसले. आई कामाला उठली नाही, समोरच बसून राहिली. तिच्याकडे पाहत पाहत मी एक लिफाफा फाडायला घेतला. कागद वळला तिथे तिचं कपाळ आलं. तिच्या ते ध्यानात आलं असावं. तिनं पदर सारखा केला, चापूनचोपून बसली आणि म्हणाली, "तोंड ठेवजो बरं का मले."