चार बोटं कमी

तुम्ही कधी तलाव मोजलाय? पोहायचा तलाव, टेप लावून, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत? नाही ना. मीही नव्हता मोजला. मुलींना पोहायला सकाळचा एक तास मिळावा म्हणून चार दिवस तलावाच्या ऑफिसच्या पायरीवर ठाण मांडून बसले, मॅनेजरच्या नाकी नऊ आणले, तास मिळवला. आणि तलाव पंचवीस मीटरचा आहे हे मात्र फाटकावरच्या बोर्डावर वाचलं आणि खरं मानलं. बोर्डावर लिहिलंय म्हणून काही खरं मानू नका, असं वीस वर्षं लोकांना सांगत फिरणारी बाई मी. माझे कान उपटले ते एका चौदा वर्षांच्या पोरीने.

ती आमच्याच जिन्यात, माझ्या वरच्या मजल्यावर राहते. सगळे तिला बदक म्हणतात. त्याचा पोहण्याशी संबंध नाही, चालताना पाय बाहेर फेकते म्हणून. जमिनीवर तिची चाल बघवत नाही. जिना उतरली की चार घरांना कळतं. पाण्यात पडली की मात्र आवाज नाही, शिंतोडा नाही. पाठीवर पडून, छताकडे बघत, हात मागे टाकत अशी सरळ जाते की बघणाऱ्याने मान हलवायचं विसरावं.

तिची आई लॉन्ड्रीत हॉटेलांच्या चादरींना इस्त्री करते. मामा तलावांचा मिस्त्री. पंप, फिल्टर, पाइप, टाइल, गळती, सगळं तोच बघतो. उन्हाळा लागला की त्याची जुनी व्हॅन गावोगाव फिरते, आणि गेले तीन उन्हाळे बदक त्याच्याबरोबर जाते. आईची अट एकच, रोज संध्याकाळी फोन. मामाची अटही एकच, तक्रार करायची नाही.

मामा तलाव दुरुस्त करतो, पाणी भरतो, पंप सुरू करतो आणि हिला आत सोडतो. ही दोन फेऱ्या मारून येते आणि अहवाल देते. खोल बाजूला उजवीकडून गार पाणी येतंय, म्हणजे तिकडची जाळी तुंबलीय. तिसऱ्या शिडीजवळ टाइलची कड पायाला लागतेय. मामा म्हणतो, एवढं तर माझं यंत्रही सांगत नाही, आणि यंत्राला भूक कमी लागते. पोरगी एका बैठकीला चार उकडलेली अंडी खाते, मीठ-मिरी लावून, व्हॅनच्या मागच्या दारात पाय सोडून. ती तिची जगातली सर्वांत आवडती जागा आहे. बाकीच्या आवडीही ऐकून घ्या, कारण ती त्या मला पुन्हा पुन्हा ऐकवते: ट्यूबचं पंक्चर काढतात तसं ठिगळ लावलेला हिरव्या रबरी टोपीचा तुकडा, तिला तो टोपीच वाटतो. आईने लॉन्ड्रीतून आणलेला, कुठल्याशा बंद पडलेल्या हॉटेलचं नाव असलेला टॉवेल. पाण्याखाली कान बुडवल्यावर पंप सुरू होतानाचा घुमारा. आणि दोन रेघी वही, जिच्यात ती प्रत्येक तलावाचे हात लिहिते.

हात म्हणजे काय ते सांगते. पाठीवर पोहणाऱ्याला पुढची भिंत दिसत नाही. भिंतीच्या पाच मीटर आधी डोक्यावर छोट्या झेंड्यांची दोरी असते. ती दिसली की हात मोजायचे, आणि ठरलेल्या हाताला भिंत यायलाच हवी. मोजणी चुकली तर टाळकं फुटतं. म्हणून ही पोरगी हात मोजते तशी दुसरी कुणी श्वासही मोजत नसेल. पंचवीस मीटरला अठरा हात. कुठेही सोडा, अठरा.

थंडी संपता संपता आपल्या तलावाची एक भिंत गळायला लागली. काम मामालाच मिळालं. सुट्टीच्या बॅचेस सुरू व्हायच्या आत तलाव उघडा, असा मॅनेजरने धोशा लावला. जुन्या टाइल फोडून काढायच्या तर आठ दिवस जास्त गेले असते. मामाने जुन्या टाइलवरच पाणी न झिरपणाऱ्या सिमेंटचा जाड थर दिला, त्यावर नव्या निळ्या टाइल बसवल्या. गळती बंद. मॅनेजर खूश, मामा खूश, मीसुद्धा खूश, कारण मुलींचा तास बुडला नाही.

पुढच्याच महिन्यात मोठ्या शहरातल्या शिबिरासाठी निवड होती. सहा आठवडे, पन्नास मीटरचा तलाव, शिकवणाऱ्या बाई स्वतः नावाजलेल्या. बदकाला शंभर मीटर पाठीवर पोहून एक मिनिट सोळा सेकंदांच्या आत यायचं. आपल्या तलावात सहा मुली आपापल्या प्रकारात पोहल्या आणि सहाही जणी निवडल्या गेल्या. बदक तर एक दशांश सेकंदाने. डोळ्याची पापणी लवायला त्याहून जास्त वेळ लागत असेल. पत्र आलं तेव्हा तिच्या आईने ते फ्रिजवर लावलं, आणि त्या आठवड्यात जिन्यातल्या प्रत्येकाला तिच्याकडे गार पाणी प्यायला जावं लागलं.

त्या दिवसांत पोरीचं एक बोट सारखं सुजलेलं असायचं. उजव्या हाताचं मधलं. भिंतीवर आपटतं म्हणायची. पोहणं शिकवणारे सर म्हणाले, वाढतं वय आहे, हात लांब झाले असतील. मीही तेच म्हटलं. आई म्हणाली, नखं काप.

मग उन्हाळा लागला आणि मामाची व्हॅन निघाली. यंदा तीन आठवडे, चार तलाव. पहिला एका इस्पितळातला, छातीइतक्या पाण्याचा, जिथे गुडघे बदललेली म्हातारी माणसं एका रांगेत चालतात. एका आजोबांनी हिला ओव्हरटेक करू नको म्हणून दम भरला. दुसरा हॉटेलातला, गोल. तिथे सरळ पोहताच येईना, ही दिवसभर बरणीतल्या माशासारखी फिरत राहिली आणि संध्याकाळी फोनवर आईला म्हणाली, मला जमीन फिरताना दिसतेय. तिसरा कारखान्यातल्या कामगारांचा, पंचवीस मीटर. चौथा एका शाळेचा, पंचवीस मीटर, भिंतीवर सात मिनिटं मागे असलेलं घड्याळ. मुलं म्हणे त्या घड्याळाच्या जिवावर शेवटचा तास जरा लांबवतात.

शाळेच्या तलावातून बाहेर आली तेव्हा तिच्या लक्षात आलं की बोट दुखत नाहीये. कारखान्यातही दुखलं नव्हतं. दोन्हीकडे अठरावा हात पूर्ण ताणून भिंतीला लागत होता, जसा आपल्या तलावात पूर्वी लागायचा. हात वाढले असते तर सगळीकडेच आपटले असते. मामाला काही बोलली नाही. परत आली ती ओल्या केसांनीच माझ्या दारात. म्हणाली, मावशी, चल, टेपचं एक टोक धर.

तीनदा मोजला आम्ही. चोवीस मीटर ब्याण्णव. चार बोटं कमी. चार फेऱ्यांचे झाले फूटभर.

आता मी काय केलं ते लपवत नाही. मी आजवर रेशनवाल्याशी भांडले, नळवाल्याशी भांडले, वजनकाट्यात पावशेर मारणाऱ्याला चौकात उभा केला. आणि त्या पोरीला मी म्हटलं, गप्प बस. टेप गुंडाळ आणि घरी जा. चार बोटांसाठी सहा जणींचं शिबिर घालवशील, वर मामाचं नाव जाईल.

ती काठावर बसून पाय हलवत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "मावशी, तिकडे तलाव पन्नासचा आहे. पहिल्याच दिवशी घड्याळ खरं काय ते सांगेल. मग मी तोंड कुठे लपवू, पाण्यात?"

मला राग आला. कुणाचा, ते तुम्ही ओळखलंच असेल.

मामाला तिनेच सांगितलं. तो व्हॅनखाली आडवा होता, तसाच राहिला, फक्त पाय दिसत होते. मग आतून म्हणाला, खोली मोजली, उतार मोजला, जाळ्या मोजल्या. लांबी कोण मोजतं? ती काय कुणी पळवून नेणार होतं? आणि बराच वेळ पाना खाली पडल्याचे आवाज येत राहिले. बाहेर आला तो हात पुसून सरळ ऑफिसकडे. अर्ज स्वतःच्या हाताने लिहिला: चूक माझी, थर मी दिला, भिंत मी फोडून देतो.

मॅनेजरने अर्ज वाचून परत सरकवला. चार बोटांनी कुणाचं काय बिघडतं, म्हणाला. इथे मात्र माझा स्वभाव उपयोगी पडला.

"तुमची खुर्ची चार बोटं मागे ओढते," मी म्हटलं. "मग बसा."

त्याने अर्जावर शिक्का मारला.

अर्ज शिबिराच्या निवड समितीकडे गेला आणि समितीने सहाही जणींची वेळ रद्द केली. या महिन्याच्या शेवटच्या रविवारपर्यंत, मोजलेल्या कुठल्याही तलावात, त्यांच्या माणसांसमोर पुन्हा पोहा, असं कळवलं. मग आमच्या दारी बाकीच्या पाच घरांची वरात आली. हिला कुणी सांगितलं होतं शहाणपणा करायला? आमच्या पोरींचं काय? मी जिन्यात उभी राहून प्रत्येकाला उत्तर दिलं, काहींना दोनदा. पाचांपैकी एकही पोरीला पाठवायला तयार होईना; पुन्हा पोहून वेळ आली नाही तर हसं होईल म्हणे. बदकाची आई तेवढी शांत. फ्रिजवरचं पत्र तिने काढलं नाही. ज्यांनी पाठवलंय त्यांनी येऊन काढावं, म्हणाली.

गेल्या रविवारी आम्ही त्या शाळेच्या तलावावर गेलो. दोन तासांचा रस्ता, पुढे मामा आणि ती, मागे पाइपांवर मी. तिकडे पोचल्यावर मामाने तो तलाव इतक्या वेळा मोजला की समितीचा माणूस म्हणाला, अहो, झिजेल.

पोरगी पाण्यात उतरली. दोन फेऱ्या ठीक गेल्या. तिसऱ्या फेरीत मला उमजलं की मी काहीतरी वेगळं बघतेय. आपल्या तलावात गेले दोन महिने ती झेंडे दिसले की कचरायची. बोट वाचवायला शेवटचा हात आखडता घ्यायची, भिंतीआधी जरा थबकायची. तिलाही ते माहीत नव्हतं. इथे भिंत जिथे असायला हवी तिथेच होती. ती न बिचकता तिच्यावर जाऊन धडकत होती आणि उलटून सुटत होती. शेवटचा हात पूर्ण ताणून लागला. वेळ लावणाऱ्या तिघांच्या हातातली घड्याळं बघून समितीच्या माणसाने आकडा वाचला: एक मिनिट, पंधरा सेकंद, सहा दशांश. पूर्ण पंचवीस मीटरच्या तलावात आधीपेक्षा लवकर.

मामा कपड्यांसकट पाण्यात. खिशात व्हॅनची किल्ली, मोबाइल, सगळं. मोबाइल गेला. मामा अजून हसतोय. बदकाने पाण्यातूनच विचारलं की अंडी आणलीयत ना.

संध्याकाळी जिना चढतोय तोवर बातमी आमच्या आधी पोचली होती. तीच पाच घरं, पण सूर वेगळा. आमच्या पोरीही दोन महिने भिंतीजवळ कचरतच असतील की. त्यांनाही न्याल का? आदल्या आठवड्यातलं एकेक वाक्य मला तोंडपाठ होतं, परत करायची फार इच्छा झाली. बदकाने मला कोपरखळी मारली आणि सगळ्यांना हो म्हणून टाकलं. ती स्वतः येणार आहे, काठावर उभी राहून त्यांचे हात मोजायला.

आता अडलंय ते एवढंच. या रविवारी शेवटची मुदत आहे. मुली पाच, मोजणारी एक, आणि मामाच्या व्हॅनमध्ये पाइप सोडले तर दोनच जागा. तुमच्याकडे चार चाकं असतील आणि रविवारची सकाळ मोकळी असेल, तर सहा वाजता आपल्या तलावाच्या फाटकाशी गाडी घेऊन या. सीटवर जुनी चादर अंथरून आणा, येताना पोरी ओल्या असतील.