गोलातलं गोलातच

आमच्या शाळेत दर शनिवारी शेवटचा तास ‘गोल’चा असतो. बाकं भिंतीला लावायची, सतरंजी अंथरायची, सातवीच्या मुलींनी आणि मी गोल करून बसायचं आणि मनात काय चाललंय ते सांगायचं. शिक्षकांच्या प्रशिक्षणात हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी मनात म्हटलं, झालं, आता गप्पांनाही तास! राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर असतो, आणि भावनांवर बोलायला सरकारला मीच सापडले होते.

हातात वस्तू असेल तिनेच बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. एका मुलीने वडिलांच्या कारखान्यातून सूत गुंडाळायची रिकामी कांडी आणली, तीच आम्ही फिरवू लागलो. नियम मी माझ्या वळणदार अक्षरात कार्डशीटवर लिहून भिंतीला लावले. शेवटचा होता, ‘गोलातलं गोलातच राहील.’

पहिले काही शनिवार सगळ्या मुली ओळीने “मला आनंद वाटतो” म्हणत राहिल्या. जणू पेपरातलं बरोबर उत्तर. मग हळूहळू एकीने भीती सांगितली, एकीने मैत्रिणीवरचा रुसवा. आणि एका शनिवारी, जी मुलगी वर्षभर हजेरीपुरतं तोंड उघडायची, तिने कांडी दोन्ही हातांत घट्ट धरली.

“मला आईचा राग येतो. लई येतो. भावाला जवळ घेती, मला निस्तं काम सांगती.”

कोणी हसलं नाही. तिने कांडी पुढे दिली आणि मोठा श्वास सोडला. मला इतकं भरून आलं की काय सांगू.

आणि मग मी माती खाल्ली. पुढच्या आठवड्यात पालकसभा होती. तिची आई विड्या वळते. सकाळचं काम बाजूला ठेवून आली होती. मी तिला खिडकीशी घेतलं आणि मोठ्या मायेने म्हटलं, “पोरीला जरा जवळ घेत जा. तिला तुमचा राग येतो, वर्गात बोलली ती.” बाई पदर सावरून निघून गेल्या. मी मात्र चांगलं काम केल्याच्या समाधानात घरी गेले.

शनिवारी त्या मुलीने कांडी न बोलता पुढे दिली. तिच्या शेजारणीनेही दिली. तिच्या पुढचीनेही. सगळा गोल फिरून कांडी माझ्या मांडीवर आली, एकाही शब्दाविना.

“काय झालंय? तोंडं शिवलीत का?” मी ओरडले.

शेजारणीनेच शेवटी सांगितलं, “बाई, तुमी तिच्या आईला सांगितलं. तिची आई लई रडली.”

मी तिच्या भल्यासाठीच केलं, हे वाक्य अगदी ओठांवर आलं होतं. पण कांडी माझ्याच हातात होती, आणि सगळ्या ऐकायला बसल्या होत्या. नियमच होता तो. वीस वर्षं मुलींना “चूक कबूल करा” सांगत आले होते मी.

“मला लाज वाटते,” मी म्हटलं. “तू विश्वासाने सांगितलंस आणि मी तो मोडला. माझं चुकलं.”

मग त्या मुलीने हात पुढे केला. मी कांडी दिली.

“आई रडली,” ती म्हणाली. “मग दुसऱ्या दिवशी तिनं माझी वेणी घातली. लई दिवसांनी.” मग माझ्याकडे सरळ बघत म्हणाली, “तरीबी तुमी सांगायला नको होतं.”

“नको होतं,” मी म्हटलं.

इतकं खरं, इतक्या कमी रागाने, मला आजवर कोणी सुनावलं नव्हतं. त्या बारा वर्षांच्या पोरीचे उपकार मी विसरणार नाही. राग कसा सांगायचा हे मी तिला शिकवायला बसले होते, शिकवलं तिने.

घंटा झाल्यावर ती कार्डशीटपाशी गेली, माझं स्केचपेन मागून घेतलं आणि शेवटच्या नियमापुढे लिहिलं, ‘बाईंनीसुद्धा.’

यंदा सातवीचा नवा वर्ग आला. कार्डशीटचे कोपरे फाटलेत, बदलायला हवी. मी फक्त चिकटपट्टी लावली.