चंद्रीची बोर

विरार पूर्वेला टेकडीखालच्या गुरचरणाला कुंपण घातलं गेलं. योजना अशी की आत इथलीच झाडं पुन्हा वाढवायची, म्हणजे हवेतला कार्बन त्यांत साठेल. सगळ्यात जास्त भांडला तो एक म्हातारा. "माजी गाय काय कार्बन खाईल?"

त्याचं नाव मला माहीत नाही; गायीचं चंद्री. रोज सकाळी मी फिरायला गेले की दोघं कुंपणाबाहेर उभी दिसत, तो तार धरून आत डोकावत.

काल तो लांबूनच ओरडला, "ताई, धावत या!" कुंपणाच्या आत, जुन्या शेणातून बोरीचं रोप वर आलं होतं.

"बोरं हिनं खाल्ली, शेन हिनं टाकलं. मंग झाड कोनी लावलं?" तो नाचायचाच बाकी होता.

तेवढ्यात चंद्रीनं तारेतून मान घालून रोपाला जीभ लावली. त्यानं दावं खेचलं.

"अगं चंद्रे, सोताचंच पोर खातेस?"