तलावातला रोवणा

माघात लग्न होऊन सासरी आले तेव्हा तिथल्या तलावाला मेल्या उंदराचा वास येत होता. शेतकरी वाखासाठी अंबाडीच्या पेंढ्या त्यात सडत घालत. तशा त्या दरवर्षीच घालत, पण त्या वर्षी पाणी निवळलंच नाही. आदल्या उन्हाळ्यात माझ्या सासरच्या मासे धरणाऱ्या शहाण्या धिवरांनी तळात मुळं धरलेलं सगळं शेवाळ उपटून टाकलं होतं. का, तर जाळी अडकतात!

मासे पोट वर करून तरंगू लागले. नवरा म्हणाला, "दिवाळीपरेंत पाणी निवळलं नाई, तं मी कोळशाच्या खाणीवर जातो." माझ्या हाताची हळद अजून उतरली नव्हती. मी मनात म्हटलं, जाऊन तर दाखव!

होळीला माहेरी गेले. आमच्या तलावात शेवाळ गच्च, आणि पाणी असं की तळाचे शिंपले मोजून घ्यावेत. येताना टोपलीभर शेवाळ ओल्या लुगड्यात गुंडाळून आणलं. टोपली बघून सासूबाई हरखल्या. लुगडं बाजूला केलं नि त्यांचा चेहरा उतरला. "हे काऊन आणलं वं? तुज्या मायच्या घरी खायाले काई नव्हतं काय?"

मी ते ऐटीत तलावात भिरकावलं. संध्याकाळपर्यंत ते तरंगत काठाला लागलं आणि म्हशींनी माझं माहेर फस्त केलं. मी भोकाड पसरलं. सासूबाई शेजारी टेकल्या. "अवं येडे, धानाचा पऱ्हा कोणी फेकते काय? रोवा लागते."

मग माझ्या माहेराहून बैलबंडी भरून शेवाळ आणवलं ते त्यांनीच. वैशाखात पाणी कमरेला आलं होतं. आम्ही साऱ्या बायका लुगडी खोचून ओळीनं उतरलो आणि मागं सरकत, पायाच्या अंगठ्यानं एकेक जुडी गाळात दाबत गेलो. धानाची रोपं लावताना म्हणतात ती रोवण्याची गाणीही म्हटली. गाणं सुरू झालं की सवयीनं कंबर वाके आणि अख्खी ओळ नाकातोंडात घाण पाणी घेऊन ठसकत वर येई. काठावरचे पुरुष पोट धरून हसत होते. आम्हीही इतक्या हसलो की दुसऱ्या दिवशी बरगड्या दुखल्या.

पावसाळाभर काही कळेना. नवरा खाणीवरच्या मजुरीची चौकशी करायचा आणि मला जेवण जायचं नाही.

अश्विनातल्या एका सकाळी सासूबाईंसोबत पाण्याला गेले. नवरा गुडघाभर पाण्यात उभा होता, आणि त्याच्या पायांची दहाही बोटं मला काठावरून दिसत होती. बोटांमधून चिलटाएवढी माशांची पिल्लं पळत होती. त्यानं ओंजळभर पाणी प्यायलं, माझ्याकडं पाहिलं.

"नाई जात खाणीवर," तो म्हणाला. "तुले पोवता येते काय?"

उत्तर द्यायच्या आत त्यानं मला आत ओढलं. सासूबाई पाठ फिरवून घागर घासत राहिल्या. "मले काई दिसून नाई राह्यलं," त्या मोठ्यानं म्हणाल्या.

मला चार मुलं झाली, पण त्या सकाळइतका आनंद एकाही बाळंतपणाला झाला नाही. हे त्यांना सांगू नका.